जिभेच्या पुढे धावणारे डोळे

चिचगड, श्रावण, १९०८. गाव भंडारा जिल्ह्यातल्या जमीनदारीचं. गोंदिया जिल्हा व्हायला अजून ९१ वर्षं आहेत. बाहेर बांध्यांत धान उभं आहे, ओसरीवर कंदिलापाशी ‘हरिविजया’ची हस्तलिखित पोथी उघडलेली, आणि आज वाचायची पाळी तुमची.

पान पाहून तुम्ही दचकता. दोन शब्दांमध्ये जागाच नाही, अक्षरं सलग चाललेली. शब्द कुठे तोडायचा? ओवी मदतीला येते. तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड पडतो आणि कानाला थांबा कळतो. हळूहळू लय सापडते. तेवढ्यात शेजारचं पोर पानावर हात ठेवतं. अक्षरं झाकली जातात, तरी तुमच्या तोंडून दोन-तीन शब्द निघतातच. डोळ्यांनी ते आधीच उचललेले असतात.

याच वर्षी अमेरिकेत एडमंड ह्यूई यांचं वाचनाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक निघालं. वाचकाच्या बुबुळावर प्लास्टरची वाटी बसवून त्यांनी नजरेच्या उड्या नोंदवल्या होत्या. होय, उड्या. नजर ओळीवरून घरंगळत नाही. साधारण पाव सेकंद थांबते, मग झेपावते.

आता १९७५. तुम्ही मॅकॉन्की आणि रेनर या संशोधकांच्या पडद्यासमोर बसला आहात. नजरेभोवतीची थोडी अक्षरं खरी, बाकी सगळ्या फुल्या. नजर हलली की ही खिडकीही हलते. अशा प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची तीन-चार अक्षरं उपयोगी पडतात, उजवीकडची मात्र चौदा-पंधरापर्यंत. उजवीकडून डावीकडे वाचायच्या हिब्रूत कल उलटा, डावीकडे. म्हणजे हे डोळ्याच्या बांधणीचं काम नव्हे. लक्ष पुढच्या शब्दाकडे आधीच निघालेलं असतं.

आणि हातातला शब्द जड झाला की हा पल्ला आखडतो. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

कारण आता तुम्ही आजच्या चिचगडात सात वर्षांचे आहात. घरी गोंडी, पुस्तकात मराठी. एकेका अक्षरावर सगळं लक्ष खर्च होतं, पुढच्या शब्दासाठी काही उरत नाही. बाई तुम्हाला ‘लवकर वाच’ म्हणत नाहीत. पुस्तक मिटून त्या आधी गोष्ट गोंडीत सांगतात, तिच्यातले मराठी शब्द बोलून घेतात. अपेक्षित शब्दावर डोळा कमी थांबतो. पुस्तक पुन्हा उघडतं. तुम्ही ‘रानात’ म्हणत असता आणि तुमचं लक्ष ‘वाघ’पर्यंत पोचलेलं असतं.