आंब्याचे झाड आणि नवा कारकून

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शाहूपुरीतल्या एखाद्या गुळाच्या पेढीवर जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना त्या कोऱ्या वहीचा वास अजून आठवत असेल. तांबडा पुठ्ठा, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'श्री' आणि पाडव्याच्या सकाळी पडणारी पहिली जमा. १९८९ साली आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च असे एकच वर्ष ठरले आणि दिवाळीचे हिशेबी महत्त्व गेले. पूजा मात्र राहिली. गेल्या वर्षी आमच्या घरी पाटावर त्या वहीशेजारी सौभाग्यवतींनी माझा मोबाईलही ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू वाहिले. "वर्षभर त्यानंच हिशेब केलाय नव्हं," म्हणाल्या. त्या हिशेबाचीच ही हकीकत. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट मागचे सांगितल्यावाचून सांगता येत नाही, तेव्हा वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

घडले ते असे. सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. वर्षभर थांबता येईल, त्याहून अधिक नको, असेही बजावले. विम्यातून मिळणारे सोडून उरलेली रक्कम उभी करावयाची तर दरमहा पाच हजार बाजूला पडणे आवश्यक होते. मुदतठेव मोडावयाची नाही, मुलापुढे हात पसरावयाचा नाही, हा आमचा हट्ट. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, मग त्या ए.आय.ला विचारा की. खर्च सांगा, तो कुठं कमी करायचा ते सांगेल."

यंत्राशी माणसाने बोलावे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी 'एलायझा' नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फूलवालीचे, म्हणजे पु. लं.नी जिला पुढे १९७५ साली मराठीत 'ती फुलराणी' करून आणली, तीच ही मुलगी. एलायझा आपलेच वाक्य उलटवून आपल्याला प्रश्न विचारी, इतकेच. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि खुद्द तिचा कर्ताच चकित झाला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्याच्या मागोमाग तशी अनेक यंत्रे निघाली. अफाट मजकूर त्यांना वाचावयास दिलेला असतो आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा याचा अदमास घेत ती बोलतात; मराठीही बोलतात. त्यांपैकीच एक मुलाने माझ्या मोबाईलवर बसवून दिले. मी त्याचे नाव 'कारकून' ठेवले.

कारकुनाने पहिलाच प्रश्न विचारला : "मागील तीन महिन्यांचा खर्च तपशिलाने सांगू शकाल का?" मी गप्प. पस्तीस वर्षे मुलांना मराठेशाहीची दफ्तरे समजावून सांगितली, आणि स्वतःच्या घरचे दफ्तर कोरे!

आमच्या जुन्या लोकांची हिशेबाची शिस्त आठवून पाहा. रोजचा व्यवहार त्याच दिवशी रोजकीर्दीत, मग खात्याखात्याने खतावणीत, त्याचा गोषवारा तेरजेत आणि शेवटी ताळेबंद. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली याचा दुहेरी नोंदीवरचा ग्रंथ छापला गेला, त्याचे कौतुक जगभर होते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मोडी दफ्तरांची शिस्तही काही लेचीपेची नव्हती. शिवछत्रपतींचे १६७३ सालचे चिपळूणच्या छावणीसंबंधीचे पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच बेहिशेब उडवाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला छळाल, अशी त्यात ताकीद आहे. रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथवर त्यांची नजर गेली आहे. घरखर्चावर याहून चांगले व्याख्यान मी ऐकलेले नाही.

आमच्याच घरात आईची एक वही निघाली, १९५७ सालची. त्या वर्षीच्या १ एप्रिलला देशात नवा पैसा सुरू झाला. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. आण्याचे होतात सव्वासहा; पण पाव पैसा आणावयाचा कोठून? म्हणून कोष्टक ठरले : एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. मी तेव्हा पाळण्यात होतो. पण आईच्या वहीतले एप्रिलचे पान बोलके आहे : 'कोथिंबीर ६, मिरची ६, आले ६.' एकाच दुकानातला हा माल तीन वेगळ्या खरेद्यांनी घेतलेला! एकदम तीन आण्यांचा घेतला असता तर एकोणीस द्यावे लागले असते. कारकुनाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने मनापासून दाद दिली. तो कशालाही मनापासूनच दाद देतो, ही गोष्ट अलाहिदा.

असो. बँकेचे उतारे, दुकानाच्या चिठ्ठ्या आणि मोबाईलवरून दिलेले पैसे पाहून मी तीन महिन्यांची कीर्द उभी केली. खातेक्रमांक आणि नावे मात्र कारकुनाला दिली नाहीत; घरची तिजोरी परक्याला दाखवू नये, हा नियम यंत्रालाही लागू आहे. त्याने क्षणात खाती पाडून दिली आणि महिन्याची बेरीज सांगितली : ३२,४५०. मला शंका आली. जुन्या पद्धतीने नवाचा ताळा घेतला, तो जमेना. हाताने बेरीज केली : ३३,१५०. सातशेची चूक! तसे दाखविताच त्याने तत्परतेने क्षमा मागितली. शब्दांचा अदमास घेणारा हा प्राणी आकड्यांचाही कधी कधी अदमासच घेतो. त्याची बेरीज तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

परंतु त्याचे गुण सांगितले नाहीत तर अन्याय होईल. कोणी न पाहणाऱ्या दोन करमणुकीच्या वाहिन्यांचे १९९ आणि १४९ रुपये दरमहा आपोआप कापले जात होते, ते त्याने धरले. आमच्या काही औषधांची त्याच घटकांची स्वस्त औषधे मिळतात का, हे डॉक्टरांना विचारावयास सांगितले. डॉक्टरांनी पाहून लिहून दिली आणि १,२४० रुपये वाचले. बाहेरून मागविलेल्या जेवणाचे १,६००, पाणी तापविण्याच्या विजेचे ४५० आणि 'किरकोळ' या गोंडस नावाखाली लपलेले ९००. एकूण झाले ४,५३८. पाच हजारांना ४६२ कमी.

त्यासाठी त्याने दोन सूचना केल्या. सौभाग्यवतींची ५०० रुपयांची भिशी बंद करावी आणि गवळ्याकडचे म्हशीचे दूध सोडून पिशवीचे घ्यावे, म्हणजे आणखी ३०० वाचतील.

भिशीचे उत्तर सोपे होते. भिशी हा खर्च नव्हे. ती पाळीपाळीने हाती येणारी बचत. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुधाचा प्रश्न आला, तेव्हा मात्र सौभाग्यवती ताडकन म्हणाल्या, "त्याला विचारा, २०१९ च्या ऑगस्टात तू कुठं होतास?"

त्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, महामार्ग बंद पडला, दुकानांतून दूध मिळेना. आमचा गवळी कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर किटली घेऊन आला. पैसे नंतर द्या म्हणाला, आणि महिनाभर मागितलेही नाहीत. ही नोंद कोणत्याच उताऱ्यात नव्हती.

त्या रात्री मी 'आज्ञापत्र' पुन्हा काढले. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राजनीतीवरील ग्रंथ आमच्या कोल्हापूरच्या गादीचा, १७१५ च्या सुमाराचा. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल एक प्रसिद्ध सूचना आहे. साग, शिसव यांचे लाकूड परवानगीने न्यावे. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊनच तोडावे. अमात्य काही उधळे नव्हते. पण कोणती काटछाट पुन्हा भरून येते आणि कोणती येत नाही, हे त्यांना कळत होते.

आमचा गवळी हे आंब्याचे झाड होते. कारकुनाला लाकूड तेवढे दिसले. त्यात त्याचा दोष नाही. मी त्याला सांगितलेच नव्हते.

आणि आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. दर रविवारी फिरायला जातो म्हणून बाहेर पडून मी मित्रांसंगे मिसळ खात होतो. रोख पैसे, म्हणून उताऱ्यात नोंद नाही. आणि कीर्दीत मी हेतुतः घातली नव्हती. एका खेपेचे १२० रुपये, महिन्याचे ४८०. सौभाग्यवतींची भिशी आणि गवळ्याचे दूध यांवर चर्चा चालली असता माझी मिसळ सुखरूप होती! ज्या आईने एका नव्या पैशासाठी तीन खरेद्या केल्या, तिचा हा मुलगा. दुसऱ्या दिवशी मी ती रक्कम कीर्दीत लिहिली आणि लगेच तिच्यावर काट मारली. ४,५३८ आणि ४८० मिळून ५,०१८.

एक गोष्ट मात्र इतिहासाच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. घरखर्चाचा प्रत्येक उपाय घरातच असतो असे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, ती घरोघरच्या काटकसरीने भागणारे नव्हते म्हणून. १९३९ साली इथे शेतकरी सहकारी संघ निघाला. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्र खरेदी सुरू केली. यंत्र ज्याला त्याला एकट्याला सल्ला देते. चार घरांनी मिळून पोते आणावे, हे त्याने मला आपणहून सांगितले नाही. सौभाग्यवतींच्या भिशीने मात्र ते केव्हाच सुरू केले होते.

शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली. काठी टेकत का होईना, सौभाग्यवती उंबऱ्यापर्यंत येतात आणि गवळ्याकडून दूध स्वतः घेतात. यंदाच्या पाडव्याला नव्या वहीशेजारी मोबाईल पुन्हा ठेवू. तेवढा मान त्याने मिळविला आहे. पहिली नोंद मात्र मी हाताने करणार आहे. ती रविवारच्या मिसळीची असेल. या खेपेस आम्हां दोघांची.