सावित्रीच्या पाण्यावरून गेलेला भात

आपल्याला शिकवलेल्या इतिहासात लढाया असतात. किल्ला कोणी घेतला, तह कोणी केला, कोण पळालं. पण फौजा खात काय होत्या, तो दाणा कोणाच्या घामाचा, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी महाड-पोलादपूरचा इतिहास भाकरीच्या बाजूनं वाचायला घेतला.

अठराव्या शतकातली मुंबई म्हणजे इंग्रज कंपनीचं बेट. माडाच्या वाड्या, मासळी, थोडी भातखाचरं. एवढ्यावर गोदी, फौज, व्यापारी, हमाल यांची पोटं भरणं शक्यच नव्हतं. शेजारची साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेली, ती इंग्रजांच्या हाती पडली १७७४ ला. म्हणजे बेटाचं पोट समोरच्या किनाऱ्यावर अवलंबून.

एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं बाणकोट घेतला. ऑक्टोबर १७५६ च्या तहानं पेशव्यानं बाणकोट आणि दहा गावं कंपनीला देऊन टाकली. बदल्यात विजयदुर्ग मिळवला. बाणकोट म्हणजे सावित्रीचं तोंड, आणि नदीच्या वरच्या अंगाला महाड.

कंपनीला बाणकोट कशाला हवा होता? ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकारानं एक कारण सरळ लिहून ठेवलंय. जवळ सिद्दीचा मुलूख, तिथून मुंबईला कापायची गुरं मिळतात. बाकी किनाऱ्यावर गाय पूजणाऱ्यांचं राज्य, तिथं ती मिळणं कठीण. आता बघा. आम्हाला मेलेलं ढोर ओढायला लावलं, तेच खायची पाळी आणली, आणि त्याच खाण्यापायी विटाळ ठरवलं. त्यांच्याच सरकारनं गोमांस खाणाऱ्यांना बंदर शिक्का मारून दिलं. त्या तहाला काही विटाळ झाला नाही.

भरतीच्या पाण्यावर मचवे महाडपर्यंत चढायचे, मोठी गलबतं दासगावला थांबायची. महाडहून वरंध्यानं भोर-पुण्याकडे, पोलादपूरहून पार घाटानं वाईकडे बैलांचे तांडे जायचे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढायची. दोन्हीकडून नफा सावकाराचा, जकात सरकारची.

आणि पिकवणाऱ्याचं काय? इथं खोती. भातातला अर्धा वाटा खोताचा, त्याचं नाव अर्धेल. वरकस जमिनीच्या नाचणी-वरीतला तिसरा, तो तिर्धेल. भात विकायला, नाचणी खायला. महाराला तर वर वेठबेगार. डोईवर सरकारचं ओझं, पदरात मजुरी नाही. पोटासाठी आपली माणसं मग कंपनीच्या फौजेत शिरली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पुढं अशाच फौजेतून पेन्शन घेऊन आले आणि लिहायला लागले.

आपण महाड म्हटलं की पाणी आठवतो. बरोबरच आहे. पण दाणाही आठवला पाहिजे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावरून परतलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा मांडवातलं शिजलेलं अन्न मातीत कालवलं गेलं. डिसेंबरच्या परिषदेला महाडच्या व्यापाऱ्यांनी काहीच विकायचं नाही असं ठरवलं. धान्य बाहेरून आणावं लागलं. व्यवस्था बघितली पेन्शनर सुभेदार घाटग्यांनी. बाबासाहेब 'पद्मावती' बोटीनं मुंबईहून निघाले आणि २५ डिसेंबरला दासगावला उतरले. ज्या खाडीतून कंपनीचा माल गेला, त्याच खाडीतून.

बाजार ज्याच्या हातात, त्याला तळ्यावर पहारा बसवायची गरज नसते. तो दुकानाची फळी लावून घेतो, की झालं. हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. म्हणूनच १९३७ ला त्यांनी खोती मोडायचं बिल विधिमंडळात आणलं. खोती कायद्यानं गेली ती १९४९ ला.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, एक काम करा. आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांकडे जा. खोताकडे किती माप जायचं, वेठीला कोण गेलं, डोईवरून काय वाहिलं, त्यांच्या आईबापांनी काय सांगितलं, ते विचारा. वहीत उतरवा. पेशव्यांची दप्तरं जपायला सरकार आहे. ही वही जपायला आपणच आहोत.

जय भीम.