डाग आणि डागडुजी

जुन्या, झिजलेल्या वस्तूंसाठी मराठीजवळ शब्दांची मोठी श्रीमंती आहे. लुगडे विरते, रंग विटतो, पितळी भांड्याला पोचा येतो, कपाचा टवका उडतो, भिंतीला तडा जातो. प्रत्येक वस्तूची झीज निराळी, म्हणून तिचा शब्दही निराळा. याच शब्दांच्या शेजारी खराब, नादुरुस्त, रद्दी हे फारसी-अरबीतून आलेले शब्द शेकडो वर्षे नांदत आहेत.

हिंगणघाटच्या बाजारात कापसावर डाग दिसला की भाव पडतो. फारसीतला ‘दाग’ तो हाच. पावसाळ्याआधी आपण घराची डागडुजी करतो, तीही त्याच कुळातली. दाग म्हणजे डाग आणि दोजी म्हणजे शिवण. जरदोजीतली दोजी तीच. ज्या शब्दाने दोष दाखवला, त्याच शब्दातून दुरुस्तीही आली.

अरबीत ‘खराब’ म्हणजे उजाड, ओसाड. मराठीत तो दुधापासून पंख्यापर्यंत कशालाही लागतो. पण जुना अर्थ सातबाऱ्यावर टिकून आहे. वर्धा जिल्ह्यात शेतातल्या नापीक तुकड्याला पोटखराब म्हणतात, मग शेत पाटलांचे असो की शेखांचे.

‘शिकस्त’चा प्रवास तर नवलाचा. फारसीत तिचा अर्थ मोडणे, उर्दूत पराभव. उर्दू माध्यमाच्या आमच्या वर्गात मुले हाच अर्थ सांगतात. मराठीच्या तासाला मात्र ‘प्रयत्नांची शिकस्त’ येते आणि हरण्याचा शब्द जिद्दीचा होतो.

सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी घरातले आणि बाजारातले शब्द राहिलेच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात अशा शब्दांपुढे मूळ भाषेची खूण आहे. पण जागा मराठी शब्द म्हणूनच आहे. पुढे १९४२ साली आमच्या वर्ध्यातच गांधीजींच्या पुढाकाराने हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या लोकांनी शिकाव्यात, असा तिचा आग्रह होता.

आज उर्दू शिकणाऱ्या मुलाला मराठी परकी वाटते आणि मराठी मुलाला उर्दू. दोघांनाही भाषेची वाटणी शिकवली जाते, हिशेब मात्र कोणी दाखवत नाही. म्हणून आम्ही फळ्यावर हे साधे शब्द लिहितो. ते कोणाच्या घरातून आले, हे मुलांना जरूर सांगावे. पण आज ते कोणत्या घरात नाहीत, हेही त्यांना शोधायला लावावे.