पदवीनंतरची विद्या

पदवी हाती आली की विद्या संपली, असे आपण धरून चालतो. वेधशाळेतला हिशेब निराळा. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून वेणू बाप्पू कार्नेगी अधिछात्रवृत्तीवर कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन व पालोमार वेधशाळांत गेले. तेथे ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी थंड ताऱ्यांच्या वर्णपटातली कॅल्शियमची रेषा तपासली. त्या काळ्या रेषेच्या मध्यातला उजळ पट्टा जितका रुंद, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी! आणि खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. एका रेषेत ताऱ्याचे अंतर दडलेले असावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

१९५७ साली हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा बाप्पू नैनितालला होते. कॅलिफोर्नियातल्यासारखी मोठी दुर्बीण आपल्याकडे नव्हती. ती व्हावी म्हणून त्यांनी पुढे जन्मभर खटपट केली. कावलूरची २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण १९८६ साली राष्ट्रार्पण झाली. बाप्पू १९८२ सालीच निवर्तले होते.