वऱ्हाडातील विद्यार्थी-साहाय्याची परंपरा : अन्नदानापासून शिष्यवृत्तीपर्यंत

वऱ्हाड म्हणजे पांढऱ्या सोन्याचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचली. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या पेठा भरभराटीस आल्या. पिढ्यान्पिढ्या येथेच नांदणारी सैतवाळ, बघेरवाल आदी जैन कुटुंबे आणि गुजरात-मारवाडातून व्यापारानिमित्त आलेली कुटुंबे या पेठांत स्थिरावली. पेठेबरोबर संपत्ती आली आणि संपत्तीबरोबर दानाचा प्रश्नही आला. या दानाचा ओघ मंदिर, धर्मशाळा व पांजरपोळ यांच्याकडून विद्यार्थ्याकडे कसा वळला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

पेठेतील धर्मादा

त्या काळच्या कापूस बाजारात शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादा’ नावाची एक रक्कम कापली जात असे. ही रक्कम व्यापाऱ्याच्या वहीत जमा होई आणि तिच्यातून धर्मकार्ये पार पडत. दानाचे श्रेय पेढीला मिळे. परंतु त्या दानातील कित्येक पैसे मुळात कास्तकाराच्या घामाचे होते, हे विसरून चालणार नाही. पेढीवरील दान हे केवळ औदार्य नव्हते, तर समाजाकडून आलेले समाजाला परत करण्याचा तो एक मार्ग होता. हा विचार ज्यांना उमगला, त्यांच्या दानाला संस्थेचे रूप प्राप्त झाले.

वसतिगृहांचे युग

शिक्षणाची पहिली अडचण शुल्काची नव्हती, तर राहण्या-जेवण्याची होती. १९२३ पर्यंत महाविद्यालयीन शिक्षणासाठी वऱ्हाडातील तरुणाला नागपूरचे हिस्लॉप वा मॉरिस महाविद्यालय, अथवा पुणे-मुंबई गाठावी लागे. परक्या गावी ना घर, ना शुद्ध आहाराची सोय. जैन आचार पाळणाऱ्या मुलाला तर खानावळीचे अन्नही चालत नसे. त्यामुळे कित्येक हुशार मुलांचे शिक्षण गावातच थांबले.

ही अडचण ओळखून मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) यांनी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्याचा ध्यास घेतला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. तेथील दिगंबर जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटील या कुंभोजच्या जैन तरुणाने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. मुंबईत १९१४ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. शिक्षणासाठी घेतलेले साहाय्य कमावते झाल्यावर परत करावे, म्हणजे तेच पैसे पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतात, ही कर्जाऊ शिष्यवृत्तीची कल्पना समाजात रुजविण्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे.

कारंजाचा दीप

वऱ्हाडात या कार्याची मुहूर्तमेढ कारंजा येथे रोवली गेली. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्याचाच भाग होते. भट्टारकांची पीठे आणि हस्तलिखितांचे भांडार यांमुळे विद्येचे केंद्र म्हणून त्याची कीर्ती जुनीच होती. मूर्तिजापूर-यवतमाळ या छोट्या रेल्वेमार्गामुळे ते पेठेलाही जोडलेले होते. ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढे गुरुदेव समंतभद्र महाराज (१८९१-१९८८) म्हणून वंदनीय ठरलेले थोर पुरुष, यांनी १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू केले. धार्मिक संस्कार व लौकिक शिक्षण एकाच छताखाली मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. कारंजाचा अनुभव घेऊनच पुढे १९३४ मध्ये कुंभोज-बाहुबली येथील गुरुकुलाचा आरंभ झाला. चतुर्विध दानातील आहारदान आणि ज्ञानदान ही दोन दाने गुरुकुलात एकत्र आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अमरावतीची जडणघडण

१९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले आणि उच्च शिक्षण वऱ्हाडच्या दारी आले. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. प्राकृत व अपभ्रंशाचे गाढे अभ्यासक डॉ. हीरालाल जैन तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंजाच्या भांडारातील ग्रंथ त्यांनी अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत संपादित केले. विदिशा येथील शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या नावे स्थापन झालेल्या साहित्योद्धारक फंडातून षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. दानाचा पैसा विद्येच्या कामी लागला, तर तो एका पिढीपुरता राहत नाही, याचे याहून उज्ज्वल उदाहरण क्वचितच सापडेल.

याच अमरावतीत डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख (१८९८-१९६५) यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा वटवृक्ष लावला. बहुजन कास्तकाराचा मुलगा वसतिगृहाच्या आधाराने शिकू लागला. अकोल्यातही राधाकिसन लक्ष्मीनारायण तोष्णीवाल यांच्यासारख्या देणगीदारांची नावे महाविद्यालयांच्या पाट्यांवर दिसतात. जैन, माहेश्वरी, मराठा, दलित अशा सर्वच समाजांनी या प्रदेशात विद्यार्थ्याला आपला मानले, हा वऱ्हाडचा खरा वारसा होय.

निधीची शिस्त

मंदिराकडे पैसा असताना विद्यार्थ्यासाठी वेगळा निधी कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर शास्त्राच्या मर्यादेत आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य देवकार्यालाच लागते आणि ज्ञानखात्यातील रक्कम शास्त्रग्रंथांसाठी असते. व्यावहारिक शिक्षणाचे शुल्क त्यांतून देता येत नाही. म्हणून शिक्षणसाहाय्यासाठी दात्याने तसा स्पष्ट संकल्प करून स्वतंत्र निधी देणे आवश्यक ठरते. मूळ रक्कम ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. तिच्यात एक उणीवही आहे. शुल्क वर्षागणिक वाढते, ठेवीवरील व्याज मात्र त्या गतीने वाढत नाही. एकेकाळी वर्षभराचा खर्च भागविणारी शिष्यवृत्ती पुढे पुस्तकांपुरती उरते. म्हणून मूळ निधीत सतत भर घालणे हे दात्यांच्या वारसांचेही कर्तव्य ठरते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने आणखी एक वळण आणले. तो कायदा अमलात आल्यानंतर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्याच हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाला करसवलत नाकारण्यात आली. साहाय्याची दारे सर्वांना खुली ठेवण्यामागे त्यामुळे कायद्याचे बळही उभे राहिले. पुण्यातील भारतीय जैन संघटनेने लातूर-किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपातील मुलांना आणि पुढे मेळघाटातील आदिवासी व विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांना वाघोली येथे शिक्षणासाठी आश्रय दिला. अहिंसेला करुणेची जोड मिळाल्यास तिला समाजाची कुंपणे राहत नाहीत, याचाच हा प्रत्यय होय.

शासनाचा हातभार

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली शिष्यवृत्ती, १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना मिळालेली शुल्कसवलत, १९६३ ची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती आणि २००१ पासून बँकांनी आदर्श योजनेनुसार देऊ केलेले शैक्षणिक कर्ज, असे शासकीय साहाय्याचे टप्पे सांगता येतील. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून घोषित केले आणि केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांची वाट जैन विद्यार्थ्यांसाठी मोकळी झाली. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शिक्षणशुल्काची आणि डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावे वसतिगृह निर्वाहभत्त्याची योजना निघाली. २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले.

तथापि शासकीय योजना बदलत असतात. केंद्राची शालेय अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरतीच उरली आणि संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती त्याच सुमारास बंद झाली. शिवाय शासनाची रक्कम पुष्कळदा प्रवेशानंतर बऱ्याच काळाने खात्यात जमा होते; खोलीचे भाडे, खानावळ आणि पुस्तके मात्र पहिल्याच महिन्यात दारात उभी असतात. नेमक्या याच अंतरात गरीब घरातील मुलगा-मुलगी शिक्षण सोडते.

हे अंतर भरून काढणे हेच आजच्या स्थानिक न्यासाचे खरे क्षेत्र आहे. प्रवेशाच्या वेळी त्वरित बिनव्याजी रक्कम देणे, शासनाची शिष्यवृत्ती आल्यावर ती परत घेणे, उत्पन्नाचे व अल्पसंख्याक असल्याचे दाखले वेळेत मिळवून देणे आणि अर्ज भरण्यास हात देणे, ही कामे थोड्या निधीतही होऊ शकतात. मागणाऱ्याचा स्वाभिमान जपणे हेही तितकेच महत्त्वाचे. साहाय्य घेणाऱ्याचे नाव फलकावर लागू नये, देणाऱ्याचे लागले तरी चालेल.

कारंजाच्या गुरुकुलात १९१८ मध्ये दाखल झालेली मुले आज हयात नाहीत. परंतु त्यांच्या शिक्षणाने त्यांच्या घरांची दिशा बदलली आणि ती घरे आज समाजाचा आधार आहेत. मंदिराचे शिखर दुरून दिसते. विद्यार्थ्याला दिलेले साहाय्य मात्र एका पिढीनंतरच दिसू लागते. तेवढा धीर ज्या समाजाजवळ आहे, त्याचेच दान चिरंतन ठरते.