बॅटरी बदलण्याआधी हे तपासा: जुन्या गाडीतील चार्जिंगचा बिघाड कसा ओळखावा

जुन्या ओम्नीला किंवा मारुती ८०० ला सेल्फ मारला आणि नुसतं ‘कटकट’ झालं, की आपण म्हणतो, बॅटरी गेली. नवी बॅटरी घेतो आणि काही दिवसांत पुन्हा धक्का मारायची वेळ येते. बॅटरी वीज साठवते. ती भरतो अल्टरनेटर. तो भरत नसेल तर नवी बॅटरीही उतरणारच. म्हणून हजारो रुपये घालण्याआधी साधा मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावून क्रमाने तपासावं.

१. टर्मिनल: पांढरा-हिरवा थर किंवा सैल क्लॅम्प हे नेहमीचं कारण. आधी निगेटिव्ह वायर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करा, कोरडं करून घट्ट बसवा. बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

२. गाडी बंद: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. बाहेरून पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरीच कमजोर.

३. गाडी चालू: बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. हेडलाइट, ब्लोअर लावल्यावरही १३ च्या वर राहावं. आकडा १२ वरच रेंगाळला तर पट्टा, कार्बन ब्रश, रेग्युलेटर पाहा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब. बॅटरीचं पाणी आटतं. अल्टरनेटरवर १४ आणि बॅटरीवर १२.५ असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

४. डॅशबोर्डचा दिवा: चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागायलाच हवा. अनेक जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकतं.

५. उभ्या गाडीत उतरते? मग नंतर बसवलेला टेप, सेंट्रल लॉक किंवा डिकीचा दिवा रात्रभर वीज खात असेल. वायरमनकडून करंट मोजून घ्या, ०.०५ अँपिअरपेक्षा बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून चोर सापडतो.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ करू देऊ नका. व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट जळू शकतं. गॅरेजला जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या. आकडे हातात असले की बोलणं अंदाजावर होत नाही, आणि नको तो पार्ट गळ्यात पडत नाही.