आइसरीझनवेल्ट

आइसरीझनवेल्ट : ऑस्ट्रियातील नैसर्गिक हिमगुहा. साल्झबर्ग शहराच्या दक्षिणेस, वेर्फेन गावाजवळ टेनेनगेबिर्गे या चुनखडीच्या पर्वतरांगेत ती आहे. ४२ किमी.हून अधिक लांबीची ही गुहा जगातील सर्वांत मोठी हिमगुहा मानली जाते. तिचे मुख समुद्रसपाटीपासून १,६४१ मी. उंचीवर असून ते साल्झाख नदीच्या खोऱ्याकडे उघडते. बर्फ मात्र मुखापासून सुमारे एक किमी.पर्यंतच आढळतो, पुढची सारी गुहा बर्फाविना आहे.

बर्फनिर्मिती : चुनखडीत पाणी मुरून ही पोकळी तयार झाली. पर्वताच्या वरच्या भागातही तिला भेगा व वाटा आहेत. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार व हलकी असते. ती वरच्या वाटांनी निघून जाते आणि खालच्या मुखातून गोठवणारी हवा आत ओढली जाते. त्यामुळे मुखाजवळचा खडक शून्य अंशाखाली जातो. वसंतात वितळलेल्या हिमाचे पाणी भेगांतून झिरपते आणि या थंड खडकावर गोठते. उन्हाळ्यात प्रवाह उलटतो : आतली जड, थंड हवा खालच्या मुखातून बाहेर पडत राहते, म्हणून बर्फ टिकून राहतो. अमरनाथच्या गुहेतील हिमलिंगही ठिबकणारे पाणी गोठूनच आकार घेते.

शोध : १८७९ मध्ये साल्झबर्गचे निसर्गसंशोधक आंटोन पोसेल्ट गुहेत सुमारे २०० मी. आत गेले. पुढे बर्फाचा उभा चढ लागल्याने ते परतले. १९१२ पासून आलेक्झांडर फोन म्योर्क यांनी पद्धतशीर मोहिमा काढून तो चढ पार केला. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात ते मारले गेले. त्यांचा अस्थिकलश गुहेतील एका दालनात ठेवला आहे. गुहेचे नाव ‘हिमराक्षसांचे जग’ या अर्थाचे असून हिमीर, फ्रिगा ही येथील हिमरचनांची नावेही नॉर्स पुराणकथांतली आहेत.

भेट : गुहा साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात खुली असते. १९५५ पासून सुरू असलेल्या रोपवेमुळे सुमारे ५०० मी. चढ वाचतो, मात्र त्याच्या आधी आणि नंतरही पायवाट चढावी लागते. मुखाचे दार उघडताच वाऱ्याचा जोरदार झोत अंगावर येतो. आत विजेचे दिवे नाहीत. वाटाड्याबरोबर फिरताना पर्यटकांच्या हाती कार्बाइडचे दिवे दिले जातात. मोठ्या हिमरचनेपाशी वाटाड्या मॅग्नेशियमची पट्टी पेटवतो. प्रकाश बर्फातून आरपार जातो आणि आतली निळसर झाक व थर स्पष्ट दिसतात. सव्वा तासाच्या या फेरीत सुमारे ७०० पायऱ्या चढून तेवढ्याच उतराव्या लागतात. भर उन्हाळ्यातही आतील तापमान शून्य अंशाच्या आसपास असल्याने गरम कपडे व मजबूत बूट आवश्यक असतात. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.